टाळ्या नंतर, आधी पट्टा आवळा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या एका राज्यस्तरीय पॅरा अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे अपंग खेळाडूंच्या मैदानी खेळांच्या, निवड चाचणीत मी स्वयंसेवक होते. मी खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, फिजिओही नाही. एका कंपनीत अकाउंट्सला आहे, आणि शाळा सुटल्यापासून मैदानाशी संबंध आला तो लेकीच्या क्रीडादिनापुरता. हे काम गळ्यात पडलं तेव्हा नेमकं काय करावं लागेल याचं मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून बरंच शोधलं. सापडले ते सत्काराचे फोटो आणि ‘जिद्दीला सलाम’ छापाचे मथळे. म्हणून आता सवडीनं सगळं लिहून ठेवतेय. मैदानाचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोडी कुरकुर येणार आहे, आणि ती कुठल्याही मैदानावर अशीच निघाली असती.

सुरुवात झाली ती एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीमुळे. तिचं म्हणणं साधं होतं, “आमच्याकडे उत्साही माणसं ढिगानं आहेत. याद्या नीट करणारं कुणी नाही.” याद्या करणं माझं पोटापाण्याचं काम. हो म्हटलं.

१८ नोव्हेंबरला फॉर्म भरला. आधारची प्रत, दोन फोटो, रक्तगट, घरच्यांचा नंबर, टी-शर्टचं माप इथवर ठीक होतं. शेवटच्या ओळीत पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला होता. स्पर्धेत अठराखालची मुलंही असतात, त्यामुळे तो मागतात, आणि मागायलाच हवा. पण माझा मुहूर्त पाहा. २० तारखेला विधानसभेचं मतदान, अख्खं पोलीस खातं बंदोबस्तात. ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत भरून झाला, शुल्क किरकोळ, पण ठाण्यातून बोलावणं यायला डिसेंबर उजाडला आणि दाखला हातात पडेपर्यंत महिना अर्धा सरला होता. तुम्ही असं काही करायच्या विचारात असाल तर बाकी कागदांआधी हा अर्ज टाका. ठाण्यात जाताना सगळ्याच्या मूळ प्रती आणि लाइट बिल बरोबर ठेवा. मला लाइट बिलासाठीच पुन्हा घरी जावं लागलं, कारण यादीत ते कुठेच नव्हतं.

१५ डिसेंबरच्या रविवारी शहरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. सकाळभर नुसते आकडे. टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड, हे कळतं. पण पुढचे आकडे पाठच करावे लागतात. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक अक्षमता, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सी आणि तसे स्नायूंच्या समन्वयाचे प्रकार, ४० आणि ४१ कमी उंची, ४२ ते ४७ हातापायांचे दोष, ५१ ते ५७ बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पायावर खेळणारे. दुपारपर्यंत माझी वही परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी दिसायला लागली. मग शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, “पॅरिस पॅरालिम्पिकला सचिन खिलारीनं कशात रौप्य मिळवलं?” गोळाफेक, एवढं सगळ्यांना येत होतं. “गोळाफेक एफ-४६. १६.३२ मीटर. हा ४६ कळला नाही तर त्या १६.३२ चं मोल कळणार नाही.” खिलारी आपल्या सांगली जिल्ह्यातला, त्यामुळे ४६ माझ्या डोक्यात पक्का बसला. एका हाताचा दोष, उभं राहून फेक.

जेवणानंतर प्रात्यक्षिक. व्हीलचेअर पायरीवरून उतरवताना ती उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी खाली घ्यायची. खुर्चीला मागून, न विचारता हात लावायचा नाही, कारण बसलेल्या माणसाला तो धक्का पाठीतच बसतो. मग डोळ्यांवर पट्टी. माझ्या जोडीला फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी होती. दोघींच्या हातात एकाच दोरीची दोन टोकं आणि धावायचं. तिचा हात शेजारी असूनही पाच-सहा पावलांत माझे पाय आपोआप ब्रेक लावायला लागले. समोर भिंत आहे असंच वाटत राहिलं, आणि होतं मोकळं मैदान. शंभर मीटर बारा-तेरा सेकंदांत असे धावणारे लोक असतात, हे त्या दिवसापर्यंत मला फक्त माहीत होतं.

माझ्या वाट्याला साहित्य आलं. सीटेड थ्रो, म्हणजे बसून केलेली गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, यासाठी खेळाडू व्हीलचेअरवरून फेकत नाहीत. लोखंडी चौकटीचं एक स्टूल असतं, सगळे त्याला फ्रेम म्हणतात. ते जमिनीला चारी बाजूंनी जखडावं लागतं, नाहीतर फेकीच्या झटक्यानं माणसासकट उलटेल. जखडायला ट्रकचा माल बांधतात ते रॅचेटचे पट्टे लागतात. २८ डिसेंबरला बोहरी आळीत गेले. दुकानदारानं विचारलं, “टेम्पो कुठला?” म्हटलं, “टेम्पो नाही, खुर्ची बांधायचीय.” त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तरी ४२०चा पट्टा ३९०ला दिला. आठ पट्टे घेतले, शिवाय अ‍ॅलन कीचा संच, केबल टाय, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारा हवेचा पंप. हे सगळं लागलं. अ‍ॅलन की तर इतक्या वेळा लागली की शेवटी मी ती दोरीत ओवून गळ्यात अडकवली. कृत्रिम पायाचा स्क्रू सैल होतो, खुर्चीचा पाय ठेवायचा भाग हलतो, फ्रेमचा नट फिरतो, आणि प्रत्येकाला वाटतं शेजारच्याकडे असेल. बिल मात्र आयोजकांच्या नावानं, जीएसटी नंबरासकट घ्या. साध्या पावतीवर पैसे परत मिळत नाहीत.

मैदानावर खरी गाठ ९ जानेवारीला, स्पर्धेच्या दोन दिवस आधी पडली. दोन पायऱ्या चढून प्रेक्षागृहाखालच्या खोल्यांत जायचं होतं. तिथेच कॉल रूम, म्हणजे मैदानात सोडण्याआधी खेळाडूंना तपासतात ती खोली, तिथेच स्वच्छतागृहं. मांडववाल्यानं फळ्या टाकून उतार केला होता, पाच फुटांचा. पायऱ्या दोन मिळून फूटभर उंच. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट उतार हवा. एकास बारा. मी मोजपट्टी लावली तर मांडववाला म्हणाला, “मॅडम, ह्याच्यावरनं फ्रीज चढतो.” फ्रीज चार माणसं चढवतात दादा, इथे माणूस स्वतःच्या हातानं चढणार आहे, असं म्हटल्यावर तो स्वतः एका रिकाम्या व्हीलचेअरवर बसला. निम्म्यातून मागे आला. रात्री साडेनऊला नवा उतार तयार होता, तेरा फुटांचा, दोन्ही कडांना पट्ट्या मारलेल्या. त्यानं जास्तीचे पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

स्वच्छतागृहाचं प्रकरण इतकं सोपं सुटलं नाही. पाटी होती, व्हीलचेअरचं चित्र होतं, आत धरायला दांड्याही होत्या. दार चोवीस इंची. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच असते. ज्यानं ती पाटी लावली त्यानं आयुष्यात एकदाही मोजपट्टी काढली नसावी. सुताराला बोलावून दोन दारं चौकटीसकट उखडली आणि जाड पडदे लावले. मग मैत्रिणीनं खास यादी दिली. मज्जारज्जूला इजा झालेले बरेच खेळाडू कॅथेटर, म्हणजे लघवीसाठीची नळी, वापरतात. त्यांना साबण हवा, पिशवी अडकवायला हुक हवा, झाकणाची कचरापेटी हवी आणि कोरडी, स्वच्छ जागा हवी. हे कुठल्याही सरकारी फॉर्मात विचारलेलं नसतं. हुक शेजारच्या दुकानातून आणले, चाळीस रुपयांचे. अख्ख्या स्पर्धेत माझ्या हातून झालेलं सगळ्यात कामाचं काम म्हणजे हे हुक, असं माझं मत आहे.

का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सोलापूरकडून आलेली एक थाळीफेकपटू, व्हीलचेअरवरची, रात्रभर प्रवास करून सकाळी सातला पोचली. पाण्याची बाटली पुढे केली तर नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिच्याबरोबरची ताई हळूच म्हणाली, “प्रवासात ती काल दुपारपासून पाणी प्यायली नाही. प्यायलं की पंचाईत.” मी काही बोलले नाही. स्वच्छतागृह कुठे आहे तेवढं दाखवलं. ती आत जाऊन आली, पडदा ओढून पाहिला, हुकाला हात लावून पाहिला, आणि बाहेर येऊन म्हणाली, “द्या ती बाटली.” अर्धी तिथेच संपवली. एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीच्या पायऱ्या तशाच उंच आहेत, आणि वाटेतल्या थांब्यांवरचं काय ते आपल्याला ठाऊकच आहे.

१० जानेवारी, शुक्रवार, वर्गीकरणाचा दिवस. ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढली होती, त्यातला हा दुसरा. मनानं सर्वांत थकवणारा दिवस हाच. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक खेळाडूची आधी तपासणी होते. पॅनेल स्नायूंची ताकद बघतं, सांध्यांची हालचाल मोजतं, मग खेळाच्या हालचाली करून घेतं, आणि त्याचा वर्ग ठरतो. नंतर प्रत्यक्ष स्पर्धेतही त्याच्यावर नजर ठेवतात. माझं काम बाहेरच्या टेबलावर. टोकन देणं, कागद लावणं आणि प्रश्न झेलणं.

सगळ्यात जास्त वेळा झेललेला प्रश्न टक्केवारीचा. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर, ६० टक्के लिहिलंय, मग वर्ग कुठला? उत्तर असं की त्या टक्क्यांचा इथे संबंध नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. पॅरा खेळांत पात्र धरले जातात ते १० प्रकार. आणि त्या दहांतही किमान निकष असतो. कार्ड सवलतींसाठी आहे, वर्ग मैदानासाठी. हे प्रवेशअर्जावरच ठळक छापलं असतं तर निम्म्या लोकांचं प्रवासभाडं वाचलं असतं. एक मूकबधिर मुलगा धुळ्याहून आला होता, उंच, बांधेसूद, पाहताच धावपटू वाटावा असा. पण पॅरालिम्पिकच्या रचनेत कर्णबधिरांचा वर्ग नाही, त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी, संघटना वेगळी. कागदावर लिहून त्याला सांगितलं. त्यानं वाचलं, त्याखाली ‘मग इथे फॉर्म का घेतला?’ एवढंच लिहून कागद माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोजकांपैकी एकाला बोलावून आणलं, आणि त्या मुलाला योग्य संघटनेच्या माणसाचा फोन लावून दिल्याशिवाय त्या गृहस्थांना जागचं हलू दिलं नाही.

मराठवाड्यातल्या एका मुलीचं अजून डोक्यात आहे. लहानपणीच्या अपघातानं एक पाय आखूड, चालताना स्पष्ट लंगडते. वडील पिशवीत जाड फाइल घेऊन आलेले, एक्सरे, दाखले, शाळेत मिळालेली प्रमाणपत्रं, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात. पायांच्या लांबीत किमान ७ सेंटिमीटरचा फरक लागतो. तिचा साडेपाच भरला. दुसरा कुठला दोष निकषात बसत नव्हता. अपात्र ठरलं तर दुसऱ्या पॅनेलनं पुन्हा तपासायचं असतं, तेही झालं. पुन्हा साडेपाच. वडील मला म्हणाले, “मॅडम, गावात सगळे तिला लंगडी म्हणतात. इथं म्हणतात पुरेशी नाही.” चिडून नाही, हिशोब जुळत नसल्यासारखं म्हणाले. आत पॅनेलवरच्या डॉक्टरबाईही बराच वेळ खुर्चीतून उठल्या नव्हत्या. नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही. साडेपाचला घेतलं तर पाचवाला येईल, आणि दोन्ही पायांनी अधू असलेल्यांचं काय, हे कळतं. कळूनही संध्याकाळी घरी आल्यावर मी कुणाशी बोलले नाही. तुम्ही वर्गीकरणाच्या टेबलावर बसणार असाल तर रुमाल, पाणी आणि पुढच्या पर्यायांची छापील यादी जवळ ठेवा. ‘सॉरी’ पुरत नाही.

शनिवारी, ११ तारखेला पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. दात वाजवणारी थंडी, आणि दुपारी त्याच मैदानावर डोकं तापवणारं ऊन. पुण्याच्या जानेवारीत टोपी आणि स्वेटर दोन्ही लागतं. उद्घाटन आठला होतं. पाहुणे पावणेनऊला आले, नंतर शाल, श्रीफळ आणि भाषण. भाषणात ‘देवानं एक दार बंद केलं की’ वगैरे. खेळाडू उन्हात रांगेत. मज्जारज्जूला वरच्या बाजूला इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही, अंग थंड ठेवणं शरीराला जमत नाही. आम्ही ओले पंचे आणि पाण्याचे फवारे घेऊन रांगेतून फिरत होतो. भाषणापेक्षा त्या फवाऱ्यांना जास्त हसरे चेहरे मिळाले. माझ्या मते अशा स्पर्धांत उद्घाटन सावलीत करावं, किंवा करूच नये.

सकाळी मी कॉल रूमला होते. खेळाडू मैदानात जाण्याआधी इथे थांबतो. चेस्ट नंबर, बूट, साहित्य तपासलं जातं, फोन काढून पाकिटात ठेवला जातो. अंध धावपटूंच्या बाबतीत दोरी आणि डोळ्यांवरची पट्टी तपासायची, कडेनं उजेड आत जातोय का ते बघायचं. टी-११ मध्ये सगळ्यांनाच पट्टी लागते, म्हणजे कुणाला किंचित उजेड दिसत असला तरी फरक उरत नाही. धावपटू आणि दोरीचं दुसरं टोक धरून बरोबर धावणारा डोळस गाइड, अशा प्रत्येक जोडीला दोन लेन, त्यामुळे आठ लेनच्या ट्रॅकवर एका वेळी चारच जोड्या. स्टँडमधून कुणीतरी ओरडलंच, “अर्ध्या लेन रिकाम्या ठेवल्यात, वेळ वाया घालवताय.”

नियम असा की शेवटच्या रेषेवर खेळाडू आधी पोचला पाहिजे, गाइड मागे. एका हीटमध्ये पहिली आलेली जोडी बाद झाली. गाइडची छाती आधी रेषेवर आली, फोटोत दिसलं. गाइड विशीतला, कॉलेजचा पोरगा. तो कॉल रूमच्या भिंतीला टेकून रडायला लागला. ज्याची शर्यत गेली तो धावपटू हातानं चाचपडत त्याचा खांदा शोधून म्हणाला, “अरे, तू जरा जास्तच फिट आहेस. पुढच्या वेळी वडापाव खाऊन ये.” सगळी खोली हसली.

दुपारी सीटेड थ्रो. माझ्या पट्ट्यांची खरी परीक्षा. प्रत्येकाची फ्रेम स्वतःची. वेल्डरकडून करून घेतलेली, रंग दिलेली, एकीवर तर गणपतीचा स्टिकर. आधी उंची मोजायची. गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. एका खेळाडूची ७६ भरली, गादी बदलून आणावी लागली. मग फ्रेम वर्तुळात ठेवायची, पट्टे आकड्यांत अडकवायचे, रॅचेट आवळायचं, आणि खेळाडू खुर्चीवरून फ्रेमवर जाणार. उचलायचं असेल तर कसं, हे तोच सांगतो. कुणाला काखेत हात घालून, कुणाला गुडघ्याखालून, कुणाला अजिबात नाही. हात धरून ओढायचं तर नाहीच, ज्या खांद्यानं फेकायचंय तोच ओढला जातो. बसल्यावर मांड्या फ्रेमला पट्ट्यानं बांधतात, कारण फेकताना बैठक उचलली गेली तर फाउल. एक पंच फक्त तेवढंच बघायला खाली वाकून बसलेला असतो. या सगळ्याला मोजून चार-पाच मिनिटं. मग त्या एका खेळाडूच्या सगळ्या फेकी सलग, कारण दर फेकीला उठवून पुन्हा बांधणं शक्यच नाही.

सातारचा एक गोळाफेकपटू, सैन्यातून जखमी होऊन निवृत्त झालेला, फ्रेमवर बसला. स्टँडमधून टाळ्या सुरू झाल्या. मीही दोन वाजवल्या. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, टाळ्या नंतर. आधी मागचा डावा पट्टा आवळा, अर्धा दात ढिला आहे.” अर्धा दात. मला तर कसलेला वाटत होता. रॅचेटचा दांडा एकदा मागेपुढे केला, कट् असा आवाज आला, फ्रेमचा बारीकसा कुरकुर आवाज थांबला. त्यानं कंबरेतून दोनदा झटका देऊन पाहिला आणि मान हलवली. मग पुढे बघितलं. त्यानंतर प्रत्येक फ्रेमला मी कान लावून ऐकायला लागले. सैल पट्टा डोळ्यांना कळत नाही, आवाजाला कळतो.

फेक झाल्यावर त्याच्याशी गप्पा झाल्या. तो खडकीच्या पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली अधू झालेल्या जवानांच्या, पुनर्वसन केंद्रात राहिला होता. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं, खडकीचं केंद्र १९७४ पासूनचं. पुण्यात हे खेळ काल-परवाचे नाहीत. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्या आठवड्यात मैदानावर सगळीकडे त्यांचाच विषय होता, कारण २ जानेवारीला अर्जुन जीवनगौरव जाहीर झाला होता. “बावन्न वर्षं लागली,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या फ्रेमचे नट सोडवायला लागला.

वेळापत्रक मात्र दुपारी तीनपर्यंत पार कोलमडलं. ते बनवणाऱ्यानं उभ्यानं होणाऱ्या गोळाफेकीचा हिशोब धरला होता. बांधायला पाच, फेकींना पाच-सात, सोडवायला तीन, म्हणजे माणशी पंधरा मिनिटं धरावी लागतात. वीस खेळाडू म्हणजे पाच तास. गुणाकार आहे साधा. रविवारचं वेळापत्रक शनिवारी रात्री मी आणि एका तांत्रिक अधिकाऱ्यानं एक्सेलमध्ये बसून बदललं, साडेबाराला सगळ्या संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. अकाउंट्सवाली असल्याचा तेवढा उपयोग.

रविवारी अंधांची लांब उडी. फळीऐवजी एक मीटर लांबीचा पट्टा असतो, त्यावर पावडर पसरतात, आणि पाऊल जिथे उमटलं तिथून उडी मोजतात. पलीकडे उभा राहून कॉलर टाळ्यांनी किंवा हाकांनी दिशा देतो, म्हणून मैदान गप्प लागतं. निवेदकानं तीनदा विनंती केली, स्टँड शांत झाला, धावपटूनं पहिलं पाऊल टाकलं आणि कुंपणापलीकडून टेम्पोचा भोंगा आला, “जुनं भंगार, रद्दी, बॅटरीऽऽ”. धावपटू थांबला. पंचांनी पुन्हा संधी दिली. दोन स्वयंसेवक रस्त्यावर धावले. भंगारवाल्याला कारण सांगितल्यावर त्यानं भोंगा बंद केला, टेम्पो कडेला लावला आणि कुंपणाला लटकून शेवटची उडी होईपर्यंत बघत राहिला. आता माझ्या यादीत ‘बाहेरचा रस्ता: दोन माणसं’ अशी ओळ आहे.

निकालांवर भांडणं झालीच. एका वर्गात खेळाडू कमी असले की दोन-तीन वर्ग एकत्र खेळवतात, आणि क्रम लावतात तो मीटरवर नाही, प्रत्येक वर्गाच्या कामगिरीला वेगळे गुण देणाऱ्या तक्त्यावर. त्यामुळे सगळ्यात लांब फेकणारा तिसरा येऊ शकतो. हे फलकावर लिहून लावलेलं नव्हतं. निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत हरकत घ्यायची असते, तेही बऱ्याच प्रशिक्षकांना माहीत नव्हतं. एकजण पंचेचाळीसाव्या मिनिटाला आला आणि मग कितीही ओरडून उपयोग नव्हता. खेळाडूबरोबर जाणार असाल तर निकाल लागला की घड्याळ बघा.

रात्री नऊपर्यंत फ्रेमा टेम्पोत चढवल्या, पट्टे मोजून पोत्यात भरले. सात मिळाले. आठवा अजून सापडलेला नाही. स्वारगेटला जाणाऱ्यांसाठी सोडलेल्या बसला लिफ्ट नव्हती, तेव्हा चार जणांना उचलून चढवलं, दोघांनी ते नाकारलं आणि रिक्षा मागवल्या. त्या रिक्षांचे पैसे मी दिले आणि व्हाउचरवर लिहिले.

पैशांचं सांगून थांबते. माझा स्वतःचा खर्च, येणंजाणं, टोपी, बूट, चहापाणी, दाखल्याचं शुल्क धरून तीन हजारांच्या आत राहिला, तो परत मिळत नाही आणि मी मागितलाही नाही. साहित्याचं बिल जानेवारीतच दिलं होतं. फेब्रुवारीत रद्द केलेला चेक मागितला, मार्चअखेर म्हणून महिनाभर गप्प, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रक्कम खात्यात आली, रिक्षाचे सव्वातीनशे वगळून, कारण रिक्षाची पावती नसते. पुढच्या चाचणीसाठी मी नाव दिलंय. अटी दोन घातल्यात: वेळापत्रक मला आधी दाखवायचं, आणि मैदान ठरवण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन मला तिथे न्यायचं. पहिली मान्य झाली आहे. दुसरीवर ‘बघू’ असं उत्तर आलंय.